म्यान बसवताना

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. एका म्यानात एकच पातं नीट राहावं यासाठी किती खटाटोप लागतो, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. पातं सैल बसलं तर चालताना खडखडतं आणि माणूस वाकला की निसटून पडतं. घट्ट बसलं तर उपसताना हिसका द्यावा लागतो, आणि हिसका दिलेलं पातं कुठे जाईल याचा भरवसा नसतो. या दोन्हींतून सुटलं तरी तिसरं संकट उरतंच. चार पावसाळी दिवस चामड्याच्या म्यानात राहिलेल्या पोलादावर तांबडे-काळे डाग उमटतात.

न मिटणारं पातं म्यानासकट रोज अंगावर वागवणारी शहरं आपल्या देशात थोडी, आणि चंदीगड त्यांतलं एक. 1699च्या वैशाखीला गुरू गोविंदसिंगांनी जिथे खालसा पंथाची स्थापना केली ते आनंदपूर साहिब इथून गाडीने दोनेक तासांवर आहे. अमृत घेतलेल्या शीख स्त्रीपुरुषांच्या पाच ककारांतली किरपाण इथे बँकेच्या काउंटरमागे दिसते, इस्पितळाच्या रांगेत दिसते, सेक्टर 17च्या चौकात दिसते. उजव्या खांद्यावरून तिरपा घेतलेला पट्टा, म्हणजे गातरा, आणि डाव्या कमरेशी त्याला अडकवलेली म्यानबंद किरपाण, ही तिची नेहमीची ठेवण. राज्यघटनेच्या 25व्या कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात किरपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानलेला आहे. देशांतर्गत विमानप्रवासातही पातं 6 इंचांच्या आणि एकूण लांबी 9 इंचांच्या आत असलेली किरपाण शीख प्रवाशाला जवळ बाळगता येते. मराठी माणसाला हे दृश्य नांदेडमुळे परकं नाही. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांचा देहांत झाला तो नांदेडलाच, आणि तिथल्या सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात किरपाणी आणि त्यांची म्यानं आजही मांडून विकायला असतात.

चंदीगडच्या दुसऱ्या अंगाला डोंगर सुरू होतात. सोलनच्या वाटेवर धरमपूरहून आत वळलं की सबाथूची छावणी लागते. 1815 मध्ये इंग्रजांनी उभी केलेली नसिरी पलटण हीच आजची पहिली गोरखा रायफल्स, आणि सबाथूला आजही 14 गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. किरपाणीच्या मुलखाला कुकरीचा मुलूख असा खेटून उभा आहे. त्यात हिमाचलात डोंगर चढायला जाणाऱ्या, कमरेला आखूड सुरा लावणाऱ्या मंडळींची भर. म्यानाचा विचार करायला याहून योग्य जागा शोधून सापडायची नाही.

माझं मत असं झालं आहे की चामड्याचं म्यान करणं म्हणजे पाण्याशी व्यवहार करणं. आधी चामड्यात पाणी मुरवायचं, कारण त्याशिवाय ते आकार घेत नाही. मग तेच पाणी सावकाश बाहेर जाऊ द्यायचं. आणि त्यानंतर म्यान टिकेल तितकी वर्षं ते पुन्हा आत शिरू द्यायचं नाही. कड घोटणं, मेण चढवणं, टोकाशी बारीक भोक ठेवणं या शेवटच्या कामांना लोक सजावट समजतात आणि घाईत उरकतात. खरं तर म्यान चांगलं की वाईट हे तिथेच ठरतं.

पाण्याचा एवढा धाक कशासाठी, ते चामड्याच्या घडणीत आहे. वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन भरलेलं असतं. बाभळीची साल, हिरडा, तरवड ही आपल्याकडची त्याची जुनी भांडारं. टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आली की निळसर काळा रंग तयार होतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून शाई करायची जुनी रीत याच क्रियेवर चालायची. चामड्याचे कारागीर तिचा मुद्दाम फायदाही घेतात. गंजके खिळे बरेच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवायचे आणि ते पाणी चामड्यावर पुसायचं. रंगाची बाटली न उघडता चामडं काळंभोर होतं. ओल्या म्यानात ठेवलेल्या सुऱ्यावर हीच शाई नको तिथे तयार होते. शिवाय असं चामडं थोडं आम्लधर्मी असतं, आणि साध्या हवेतही त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. हात लावला तर कोरडं वाटणारं म्यान पात्याच्या दृष्टीने कोरडं नसतं. मुठीला पितळेची पट्टी असेल तर तिथेही कुरापत होते: चामड्याला चोळलेल्या तेलातली आम्लं तांब्याशी जुळतात आणि हिरवा, मेणचट थर जमतो.

जुन्या कारागिरांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. चामडं पात्याला लागूच द्यायचं नाही. तलवारीचं म्यान दोन लाकडी फळ्या आतून कोरून, एकमेकींवर चिकटवून करायचे, आणि चामडं किंवा मखमल फक्त बाहेरून चढवायची. तोंडाशी धातूची मोहनाळ, टोकाशी तहनाळ. आजही चांगल्या किरपाणीचं म्यान बहुधा लाकडाचं असतं. कुकरीच्या म्यानाला नेपाळीत दाप म्हणतात. तेही लाकडाच्या दोन शिंपल्यांवर म्हशीचं चामडं ताणून बसवलेलं, टोकाला धातूची टोपी. पात्याचं काम कामी लोकांचं आणि म्यानाचं सार्की लोकांचं, अशी तिथे पिढीजात वाटणी होती. आपल्या कोकणात शेतकऱ्याने कोयत्यासाठी म्यानाची भानगडच ठेवली नाही. कमरेला आकडी बांधायची आणि कोयता तिच्यात उघडा लटकवायचा.

लाकूड न घालता नुसत्या चामड्याचं म्यान करायचं ठरवलं की सगळा भार चामड्यावर येतो. आकारही त्यानेच धरायचा, धारही त्यानेच झेलायची. म्हणून चामडं निवडतानाच अर्धी लढाई होते. जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ, लवचीक, पाण्याला न दबणारं. बॅगेला, जॅकेटला, बुटाच्या वरच्या भागाला उत्तम. म्यानाला ते चालत नाही, कारण ओलं करून दाबलं तरी वाळताना पुन्हा पहिल्या रूपावर जातं. ओळखायचं कसं? तुकड्याची कापलेली कड पाहावी. वरून कितीही तपकिरी रंग दिलेला असो, क्रोमचं चामडं आत निळसर राखाडी असतं. सालीने कमावलेलं आरपार बदामी किंवा तपकिरी दिसतं, आणि त्याच्या न रंगवलेल्या पृष्ठावर पाण्याचा थेंब टाकला की तो जिरून गडद डाग पडतो. चंदीगडला जवळचं चामड्याचं मोठं केंद्र म्हणजे जालंधर. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्रही तिथे आहे. पण तिथल्या मालातही सालीने कमावलेला जाड तुकडा हवा असेल तर तसं सांगून, कड पाहूनच घ्यावा.

मराठी वाचकाला तर असं चामडं घरचंच आहे. कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावण्याची जुनी पद्धत पाहण्यासारखी असे. केस आणि मांस काढून साफ केलेल्या कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा चुरा घालून पाणी भरायचं आणि ती टांगायची. पाणी कातड्यातून झिरपत खाली ठिबकतं, ते धरून पुन्हा वरून ओतायचं. टॅनिन आतून बाहेर असं प्रत्येक तंतूपर्यंत पोचतं. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा चर्चा चपलेची झाली. या चामड्याची झाली असती तर मला जास्त आनंद झाला असता. घट्ट, कमी ताणलं जाणारं, घोटलं की चकाकणारं असं हे चामडं म्यानासाठीच कमावलं असावं असं वाटतं. साधारण तळहाताच्या लांबीच्या पात्याला 3 ते साडेतीन मिलिमीटर जाडी पुरते. त्याहून पातळ घेतलं तर म्यान लिबलिबीत होतं. जाड घेतलं तर दुमडताना पाठीवर भेगा पडतात.

कापणीवर मी फार वेळ घालवणार नाही. कागदाचा नमुना, त्यात पात्याची आणि मुठीची जाडी धरून सोडलेली जागा, पाठीच्या बाजूने दुमड, धारेच्या बाजूने शिवण. पट्ट्यात ओवायचं घर शिवण पूर्ण होण्याआधीच जोडायचं, नाहीतर नंतर आत हात जात नाही. एवढं लक्षात ठेवलं की बस.

शिवणीपाशी मात्र थांबायला हवं. सुरा म्यानात घालताना धार नेमकी शिवणीच्या दिशेने सरकते. दोन चामडी नुसती एकमेकांवर शिवली तर प्रत्येक वेळी धार दोऱ्यावर घासणार आणि महिन्या-दोन महिन्यांत टाके तुटून पातं बाहेर येणार, तेही अंगाच्या बाजूला. म्हणून दोन थरांच्या मध्ये त्याच चामड्याची अरुंद पट्टी घालतात. धार पट्टीवर टेकते, दोरा पट्टीच्या पलीकडे सुरक्षित राहतो. पट्टी तोंडाकडे रापीने छिलून पातळ करत न्यायची, म्हणजे तोंडाशी गठ्ठा होत नाही. टोकाशी उलट दुप्पट जाडी द्यावी, कारण घाईत खुपसलेला सुरा तिथेच धडकतो. सगळं सोल्युशन लावून चिकटवायचं, हातोडीने ठोकायचं आणि मगच भोकं पाडायची. म्यान स्वस्तात उरकायचं झालं की पहिल्यांदा वगळली जाते ती ही मधली पट्टी. बाहेरून ते कळतही नाही. विकत घेताना तोंडातून आत उजेड टाकून पट्टी आहे का ते पाहावं. नसेल तर ते म्यान परत करावं.

चंदीगडच्या सेक्टरांमधल्या बाजारात झाडाखाली मोची बसतात. त्यांच्यातल्या एका वयस्क कारागिराशेजारी बसून मी ही शिवण पाहिली. चपलेसाठी ते नेहमीची आरी वापरतात: टोकाशी खाच असलेली, जी वरून आत घुसते, खालचा दोरा खाचेत पकडून फास करून वर आणते, आणि त्या फासातून दुसरा दोरा जातो. झरझर चालणारं काम. म्यान हातात आल्यावर त्यांनी ती आरी बाजूला ठेवली आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवल्या. दोरा मेणाच्या गोळीवरून इतक्यांदा ओढला की तो बोटांना चिकटू लागला. म्यान दोन गुडघ्यांत धरलं. साध्या आरीने तिरकं भोक पाडलं, आधी डावी सुई, मग तिच्याच भोकातून उजवी, आणि दोन्ही हात एकदम बाहेर. "पैलां खब्बा, फेर सज्जा," ते म्हणाले, आधी डावा, मग उजवा. हा क्रम एका टाक्याला जरी चुकला तरी रांगेतला तिरपेपणा मोडतो आणि नजरेला लगेच खटकतो.

दोन सुयांच्या या शिवणीचं मर्म असं की प्रत्येक भोकातून दोरा दोनदा जातो आणि दोन्ही बाजू अदलाबदल करत पुढे सरकतो. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा वर आणि खालचा खालीच राहतो, दोघं फक्त मध्ये एकमेकांना अडकवून ठेवतात. एक घासून तुटला की शिवण पुढे उसवत जाते. हाताच्या दुहेरी शिवणीत एक टाका तुटला तरी दुसरा धागा त्याच भोकात घट्ट असतो. टाके कडेपासून साधारण 4 मिलिमीटर आत आणि एकमेकांपासून 4 ते 5 मिलिमीटर अंतरावर असावेत. त्याहून जवळ घेतले तर चामडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं भोकांवरून फाटतं. दोरा नायलॉनचा किंवा जवसाच्या तंतूंचा घ्यावा. सुती दोरा ओलीने कुजतो.

आता पाणी मुरवायची वेळ. शिवलेलं म्यान कोमट पाण्यात बुडवलं की बारीक बुडबुडे निघतात. ते थांबले की चामड्याच्या पोकळ्यांतली हवा गेली, पाणी भरलं. बाहेर काढून थोडा वेळ ठेवायचं. पृष्ठाचा गडद रंग किंचित फिका पडू लागला की चामडं आकार घ्यायला तयार असतं. पाणी कोमटच असावं, उकळत्याच्या जवळपासही नको. सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण 75 ते 85 अंश सेल्सियसला आकसतं आणि आकसलं की पुन्हा कधीच पहिल्यासारखं होत नाही. आत जे घडतं ते असं: चामडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं घट्ट जाळं. पाण्याने तंतूंमधली पकड सैल होते आणि ते एकमेकांवरून सरकतात. पाणी निघून गेलं की जिथे सरकले तिथेच पुन्हा धरून बसतात. म्हणून दाबलेला आकार वाळल्यावर पक्का होतो.

पात्याला तेलाचा हात फिरवून ते स्वयंपाकघरात वापरतात त्या पारदर्शक फिल्ममध्ये दोन-तीन पदरांनी गुंडाळायचं, मूठसुद्धा, आणि ओल्या म्यानात सरकवायचं. मग खरं बोटांचं काम सुरू होतं. मुठीचा जो भाग म्यानात जातो त्याच्या कडेने अंगठ्याने, हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या पट्टीने दाबत जायचं. मुठीचा फुगवटा, तिच्यापुढची खाच, पात्याच्या मुळाशी असलेला खांदा, सगळं चामड्यावर उमटलं पाहिजे. नखं लावायची नाहीत; ओल्या चामड्यावर उमटलेलं नख कायमचं राहतं. पकड इथे तयार होते, मुठीपाशी. नवशिका कारागीर पातंच दोन्हीकडून आवळतो. मग पातं चामड्याला घासत राहतं, धार बोथट होते, आणि म्यान मात्र चार दिवसांत सैल होतं. पात्याची पाठ दुमडीला टेकलेली, धार मधल्या पट्टीला जेमतेम शिवलेली आणि मूठ तोंडाशी दोन-तीन सेंटिमीटर घट्ट धरलेली, अशी बैठक साधली पाहिजे. आकार धरू लागला, म्हणजे काही तासांनी, की सुरा हळूच काढून घ्यायचा. रात्रभर ओल्या चामड्यात ठेवला तर फिल्म फाटल्या ठिकाणी डाग पडलेलाच समजा.

वाळवण सावलीतच, आणि इथे चंदीगडची हवा कारागिराला ऋतू शिकवते. मे महिन्यात इथली कोरडी लू चामड्यातलं पाणी इतक्या झपाट्याने ओढते की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि म्यान वाकतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, दोन दिवस झाले तरी आत ओल राहते आणि पांढरी बुरशी दिसू लागते. वर्षाला सुमारे 1100 मिलिमीटर पाऊस पडतो तो बहुतेक याच दिवसांत. दसऱ्यानंतरचे आणि होळीच्या आसपासचे आठवडे या कामाला सर्वांत चांगले. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर म्यान धरणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, दोन दिवस थांबा.

वाळल्यावर कड. शिवणीच्या बाजूला चामड्याचे तीन थर दिसतात: दोन बाहेरचे, मधली पट्टी. ती कड उघडी राहिली तर पाणी तिथूनच आत शिरतं, कारण तंतूंची तोंडं तिथे उघडी असतात. प्रथम रापीने किंवा काचपेपरने तिन्ही थर एका पातळीत आणायचे, जाड काचपेपरपासून बारीकपर्यंत. मग दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे. मग कड ओलसर करून गुळगुळीत लाकडाने किंवा शिंगाच्या तुकड्याने भराभर घोटायची. घर्षणाची ऊब आणि ओल यांनी तंतू दबतात, एकमेकांत मिसळतात आणि कड काचेसारखी चकाकू लागते. तिथे डिंक लावला तर तंतू बांधलेले राहतात. युरोपातले खोगीर करणारे यासाठी ट्रॅगाकँथ नावाचा डिंक वापरत आले. पंजाबात उन्हाळ्यात सरबतात घालतात तो गोंद कतीराही थंड पाण्यात तसाच फुगून लगदा होणारा. कड घोटायला तोही उत्तम. चंदीगडच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. तीन-चार वेळा डिंक लावून, दरवेळी वाळेपर्यंत घोटलं की थर वेगळे ओळखू येत नाहीत. हे काम किती वेळ करावं याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: बोट फिरवल्यावर सांधा हाताला लागेनासा होईपर्यंत.

रंग द्यायचाच असेल तर मेणाच्या आधी, कारण मेण चढलं की रंग आत जात नाही. वाळल्यावर पांढऱ्या फडक्याने जोर लावून पुसत राहायचं, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. पांढऱ्या कुर्त्यावर गातरा घेणाऱ्या माणसाच्या कमरेवर काळा पट्टा उमटला तर त्याचा दोष सर्वस्वी रंगाऱ्याचा.

तेल लावावं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पंजाबी जुत्तीला सरसोंचं तेल चोळण्याची जुनी सवय इथे सर्वांना ठाऊक आहे. नवी जुत्ती पायाला लागते, तेलाने मऊ होते. म्यानाला मऊपणा नकोच असतो. तेल तंतूंमध्ये शिरून त्यांना पुन्हा सरकायला मोकळं करतं, म्हणजे ओलं करून, दाबून, वाळवून मिळवलेली पकड हातोहात गमावली. मऊ पडलेल्या म्यानाचं तोंड आत मिटतं, आणि सुरा घालताना टोक चामड्याला भोसकून बाहेर येऊ शकतं, धरलेल्या हाताकडे. म्हणून मेण. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं. त्यात अगदी थोडं तेल मिसळून, किंचित कोमट केलेल्या म्यानावर पातळ थर चोळायचा आणि थंड झाल्यावर घासून चमकवायचं. आतल्या बाजूला काही लावू नये. पावसाचं पाणी तरीही तोंडातून आत जाणारच, म्हणून टोकाशी, शिवणीच्या पलीकडे न जाता, बारीक भोक ठेवतात. पाण्याला बाहेरची वाट मिळते आणि वाळताना हवा खेळते.

बैठक तपासायची तर मेण पूर्ण मुरल्यावर. म्यान उलटं धरून, खाली गादी किंवा चादरीची घडी ठेवून झटके द्यावेत. सुरा सरकता कामा नये. मग म्यान एका हातात धरून अंगठ्याने मूठ ढकलावी. पहिल्या सेंटिमीटरला अडकून नंतर पातं मोकळं निघालं की काम जमलं. सगळी लांबी अडत अडत येत असेल तर पातं आवळलं गेलं आहे; तेवढा भाग ओला करून पुन्हा दाबावा लागतो. नवं म्यान किंचित घट्टच असू द्यावं, कारण वापरात ते थोडं सैलावतं.

चंदीगडच्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते ती हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर राहिली की. याच शहरात, सेक्टर 39 मध्ये, 1984 साली सुरू झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे, आणि तिच्या संग्रहात देशभरातले जिवाणू आणि बुरशा जपून ठेवलेल्या आहेत. चामड्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशांची तिथे नीट नोंद असते. घरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी, म्यान वारं लागेल असं टांगावं आणि नव्याने मेण लावावं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सर्वांत वाईट. पातंही पावसाळाभर म्यानात ठेवू नये. तेलाचा हात लावून, कागदात गुंडाळून वेगळं ठेवावं. किरपाण रोज धारण करणाऱ्याला ती बाजूला काढता येत नाही. त्याच्यासाठी जुनं लाकडी म्यानच शहाणपणाचं, किंवा पातं स्टेनलेस स्टीलचं असावं आणि रात्री पुसून कोरडं करावं.

कुकरीच्या म्यानाला एक वेगळी सावधगिरी लागते. तिचं पातं पुढे रुंद आणि मागे अरुंद, त्यामुळे तोंड रुंद भागाला जाऊ देण्याइतकं मोठं ठेवावं लागतं आणि उपसताना धार म्यानाच्या शिवणीवरून घसरत येते. जुन्या, झिजलेल्या म्यानाची ती बाजू आतून कापली गेलेली असू शकते. म्हणून म्यान धरताना बोटं पाठीच्या बाजूने ठेवतात, धारेच्या बाजूला कधीच वळवत नाहीत. हीच सवय चामड्याच्या कुठल्याही म्यानाला लावावी.

दोरा तुटला तर घाबरायचं कारण नाही. तुटल्या जागेच्या दोन-तीन टाके मागून नवा मेणाचा दोरा त्याच भोकांतून घालून पुढे दोन-तीन टाके न्यायचा. नवी भोकं पाडायची नाहीत. मधली पट्टी धारेने खोल कापली गेली असेल तर शिवण पूर्ण उसवून नवी पट्टी घालून पुन्हा शिवता येतं. कड मात्र पहिल्यापासून घोटावी लागते. चामडंच दुमडीवर तडकलं असेल तर त्या म्यानात सुरा ठेवू नये. पट्ट्यात ओवायचं घर आणि धातूचे तुकडे काढून घ्यावेत आणि जुन्या म्यानावरून नव्याचा कागदी नमुना कापावा. त्याची मापं पहिल्यापेक्षा नक्कीच बरोबर येतात.